जुन्या खेळाचा नवा पाठ

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्याच तासाला आमच्या मराठीच्या सरांनी विचारले, "सुट्टीत कोणी काय वाचले?" कोणी 'ययाती' सांगितले, कोणी 'मृत्युंजय'. (यांपैकी किती जणांच्या कार्डावर ही पुस्तके चढली आहेत, हे ग्रंथालयात विचारल्यास कळेल, पण ते असो.) माझी पाळी आली तेव्हा मी खरे ते सांगितले. म्हटले, "सर, वाचले काहीच नाही. 'फायनल फॅन्टसी' नावाच्या खेळाचा सातवा भाग तिसऱ्यांदा पुरा केला." वर्ग हसला. सरही हसले. मग म्हणाले, "तिसऱ्यांदा? शेवट ठाऊक असताना? आणि वर पुन्हा त्याचाच नवा अवतार निघणार म्हणून तू वाट पाहतोस, असे तुझे मित्र सांगतात. यात काय आहे ते एकदा वार्षिकांकात लिहून दे."

ते चेष्टेने म्हणाले की मनापासून, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पण प्रश्न खरा होता, म्हणून हा लेख.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. १९७४ साली अमेरिकेत कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा एक खेळ निघाला. प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचे, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, आणि संकटातून वाट काढत गोष्ट पुढे न्यायची. वार लागला की हुकला, हे फासा सांगणार. त्याला 'रोल प्लेइंग' म्हणतात. आपण सोंगाचा खेळ म्हणू. पुढे तो संगणकावर गेला, तेथून जपानात गेला, आणि डिसेंबर १९८७ मध्ये हिरोनोबू साकागुची या गृहस्थाने आपल्या मंडळींसह 'फायनल फॅन्टसी' काढला. नावात 'फायनल' असूनही त्याचे आजवर सोळा क्रमांकित भाग झाले आहेत. आमच्याकडे 'शेवटची संधी' म्हणून लागणाऱ्या सेलसारखेच ते दिसते.

मोर्शीच्या माणसाला हा प्रकार परका वाटायचे खरे म्हणजे कारण नाही. सिंभोऱ्याच्या आपल्या धरणाचे नाव नल-दमयंती सागर आहे. नळराजा फाशांत राज्य हरला, रानात गेला, कर्कोटकाच्या दंशाने त्याचे रूप पालटले, बाहुक नावाने तो ऋतुपर्णाच्या पदरी सारथी झाला, अश्वविद्या देऊन त्याने अक्षविद्या घेतली आणि त्या विद्येवर सगळे परत जिंकले. रूप बदलणे, एक कसब देऊन दुसरे मिळवणे, हरल्या डावाकडे तयारीनिशी परत येणे: सोंगाच्या खेळात याहून वेगळे काय असते? जपानी मंडळींनी वनपर्व वाचले होते, असा माझा दावा नाही. एवढेच की ही गोष्टही युधिष्ठिराला बृहदश्व ऋषींनी सांगितली, मराठीत रघुनाथ पंडितांनी सांगितली, कीर्तनकार आजही सांगतात. आणि नळाला राज्य परत मिळते की नाही, हे कळावे म्हणून कीर्तनाला जाणारा माणूस मी पाहिलेला नाही.

आता माझ्या खेळाकडे येतो.

सातवा भाग जपानात ३१ जानेवारी १९९७ रोजी निघाला. तेव्हा आमचा जन्मही झालेला नव्हता. २०१६ मध्ये तो अँड्रॉइड फोनवर आला, आणि माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, पदविकेच्या पहिल्या वर्षाला असताना रीतसर पैसे भरून तो घेतला. मी तेव्हा सहावीत. शेतीला लाईन रात्रीची असायची, त्यामुळे संत्र्याला पाणी द्यायला काका, बाबा, दादा असे आळीपाळीने रात्री मळ्यात जात. दादाच्या पाळीला मी हट्टाने सोबत जाई. मोटार सुरू करायची, दांडात पाणी सोडायचे, आणि मोटारीच्या खोलीपाशी बाजेवर बसून दोघांनी एका फोनमध्ये डोके घालायचे. दांड बदलायची वेळ झाली की दादा उठायचा, आणि तेवढा वेळ फोन माझ्या हातात.

खेळातले सगळे बोलणे इंग्रजीत, तेही लिहिलेले. मला इंग्रजी येत नव्हते. दादा वाचून वऱ्हाडीत सांगायचा. गोष्ट अशी आहे: मिडगार नावाचे एक अवाढव्य शहर, त्यावर शिनरा नावाच्या कंपनीची सत्ता. ही कंपनी जमिनीच्या पोटातून 'माको' नावाची शक्ती उपसते आणि तिच्यावर दिवे लावते. ती शक्ती म्हणजे धरणीचा प्राणच असतो, त्यामुळे शहराच्या आसपास गवताची काडी उगवत नाही. बॅरेट नावाचा एक दांडगा माणूस कंपनीविरुद्ध उठतो, आणि क्लाउड नावाचा एक भाडोत्री सैनिक पैशासाठी त्याच्याबरोबर जातो. दादाच्या तोंडी हे असे होई: "बॅरेट म्हन्ते, धरती कन्हून राह्यली, तुले आयकू येत नाही का बे? क्लाउड म्हन्ते, मले काही घेनं नाही भाऊ, माह्ये पैसे द्या अन् मोकये व्हा." आणि शिनरा म्हणजे काय, असे मी विचारले तेव्हा आमच्याच मळ्याच्या कोपऱ्यातल्या बोअरकडे हात करून तो म्हणाला, "समज, हे बोरवाले. फक्त लय मोठे."

हे वाक्य मी विसरलो नाही. मोर्शी-वरूडचा पट्टा भूजलाच्या बाबतीत डार्क झोनमध्ये गेला, हे भूगोलाच्या तासाला कळण्याआधी मला त्या बाजेवर कळले होते. कोणी आठशे फूट गेला की शेजारी हजार फूट जाणार. २०१९ च्या उन्हाळ्यात व्हायचे ते झाले. आपल्या दोन्ही तालुक्यांत बागाच्या बागा वाळल्या. त्यांत आमचीही गेली. बाबांनी आणि काकांनी झाडे तोडून सरपणाला काढली तेव्हा दादा एक शब्द बोलला नाही. त्याच वर्षी तो चाकणला कारखान्यात लागला. जाताना त्याने आपला जुना फोन मला दिला. त्याची बॅटरी फुगली म्हणून मी तो एका दुरुस्तीच्या दुकानात टाकला, आणि त्या भल्या माणसाने, मी न विचारता, फोन 'साफ' करून दिला. साठ-पासष्ट तासांचा आमचा खेळ त्यात होता. तो गेला. मी तेव्हा रडलो होतो, हे लिहायला आता हरकत नाही.

खेळ पुन्हा उतरवून घेता येत होता, म्हणून अकरावीत तो मी एकट्याने, इंग्रजी वाचत, पहिल्यापासून खेळलो. तेव्हा एक गंमत लक्षात आली. दादाने सांगितलेले निम्मे खेळात नव्हतेच. बॅरेटची लांबलचक भाषणे इंग्रजीत दोन ओळींची होती. एका गावातली म्हातारी क्लाउडला "बाप्पा, घरी जाय, माय वाट पाहून राह्यली" असे म्हणते, हे मला पक्के आठवत होते. मी तिला सगळ्या गावांत शोधले. अशी म्हातारीच नाही. दादाने ती मनाने घातली होती. पदविकेच्या वसतिगृहातून शनिवार-रविवारीच घरी येणाऱ्या पोराने ती का घातली असेल, हे मला तेव्हा कळले नव्हते.

ज्यांनी हा खेळ खेळला आहे त्यांना ठाऊक आहे की क्लाउडचेही तसेच आहे. तो आपली म्हणून जी हकीकत सगळ्यांना सांगतो, तिच्यातली बरीच दुसऱ्या कोणाची तरी असते. टिफा, त्याची बालमैत्रीण, ऐकताना ओळखते की हे असे घडले नव्हते, आणि तरी गप्प बसते. संबंध गोष्टीतला तिचा हा गप्प बसण्याचा भाग मला सर्वांत मोठा वाटतो. लढाया त्यामानाने किरकोळ आहेत.

या काळात मी मालिकेचे पहिले सहा भागही फोनवर उरकले. त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. पहिल्यात नायकांना नावेदेखील नाहीत, ती आपण द्यायची. १९९४ चा सहावा मात्र असामान्य आहे: अर्ध्या गोष्टीत खलनायक जिंकतो, जग मोडते, आणि उरलेला खेळ पांगलेली माणसे पुन्हा गोळा करण्याचा. त्यात एक संगीत नाटकाचा प्रवेश आहे. गाणाऱ्या नटीला आवाज नाही, आवाजाच्या जागी नुसते यंत्राचे सूर वाजतात, आणि तरी अंगावर काटा येतो. संगीतकार नोबुओ उएमात्सू. हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सातव्याच्या नव्या अवताराची घोषणा जून २०१५ मध्ये झाली, आणि पहिला भाग १० एप्रिल २०२० रोजी, आपण सगळे घरात कोंडलेले असताना आला. दुसरा २९ फेब्रुवारी २०२४ ला आला. तिसरा यायचा आहे. म्हणजे एका जुन्या खेळाचे तीन नवे खेळ. ते फोनवर चालत नाहीत. अमरावतीला माझ्या एका मित्राच्या खोलीवर बरा संगणक आहे, एस.टी.चा पास आणि त्याची सहनशीलता यांच्या बळावर मी पहिला पुरा आणि दुसरा बराचसा खेळलो.

माझे मत विचाराल तर पहिला भाग निम्मा उत्तम आणि निम्मा पाणी घातलेला आहे. मूळ खेळात मिडगार पाच-सहा तासांत मागे पडते. येथे त्याचे तीस-पस्तीस तास केले आहेत. त्यापायी मुलांची हरवलेली मांजरे शोधून द्यायची असली कामे नायकाला लावली आहेत. धरणी मरते आहे आणि हा मांजरे शोधतो आहे! उलट, बॅरेटच्या साथीदारांत जेसी नावाची मुलगी आहे, ती मुळात चार वाक्ये बोलून मरते. नव्यात आपण तिच्या घरी जातो. तिची आई खायला करते. आतल्या खोलीत बाप अंथरुणावर पडून असतो, माकोने बाधलेला, कंपनीच्याच कामावर गेला असता झालेला. हे पाहिल्यावर ती स्फोटके का बनवते, ते सांगावे लागत नाही. हा प्रसंग नव्या लेखकांनी घातला आहे, मुळात नाही, आणि मूळ गोष्ट त्यामुळे मोठीच झाली आहे. दादाची म्हातारी आणि जेसीचा बाप मला एकाच जातीचे वाटतात.

आणखी एक विलक्षण गोष्ट त्यांनी केली आहे. नव्या खेळात राखी रंगाची भुते फिरतात. गोष्ट मूळ मार्ग सोडू लागली की ती धावून येतात आणि तिला पुन्हा जुन्या वाटेवर ढकलतात. म्हणजे 'मुळात असे नव्हते!' म्हणून ओरडणारे आमच्यासारखे जुने रसिकच पात्रे होऊन खेळात शिरले आहेत. शेवटी नायकाला त्या भुतांशीच लढावे लागते. पुष्कळांना हा आगाऊपणा वाटला. मला पहिल्यांदा राग आला, मग हसू आले. संगीत नाटकाच्या प्रयोगात एखादे पद गाळले की पहिल्या रांगेतून जे आजोबा उठून जातात, त्यांची आठवण झाली.

मग नव्याने करण्यात गैर काही नाहीच काय? याचे उत्तर मला खेळात नव्हे, रिद्धपूरला मिळाले.

गेल्या वर्षी आमच्या वर्गाची सहल तेथे गेली होती. आपल्याच तालुक्यातले गाव, पण वर्गातल्या निम्म्यांनी ते पाहिलेले नव्हते. सरांनी तेथे 'लीळाचरित्रा'ची हकीकत सांगितली. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर, ज्यांनी त्यांना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या आणि तेराव्या शतकात मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ सिद्ध केला. पुढे खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. तेव्हा हिराइसा आणि इतर मंडळींनी आपापल्या स्मरणातून ती पुन्हा उभी केली. म्हणून आज 'लीळाचरित्रा'चे एक नव्हे, अनेक पाठ आहेत. शब्द वेगळे, क्रम वेगळा, कोठे एखादी लीळा जास्त, कोठे कमी. वि. भि. कोलत्यांसारख्या संशोधकांना या पोथ्या ताडून पाहण्यात वर्षानुवर्षे घालवावी लागली. त्यांनी संपादिलेली प्रत १९७८ मध्ये निघाली. पण नवा पाठ हाती आला म्हणून जुना कोणी फाडून टाकला नाही. पंथीयांनी सगळे पाठ जपले, म्हणून तर ताडायला काही उरले.

परतीच्या गाडीत मी सरांना विचारले की फोनमधून पुसलेला खेळ आणि हे एकच नाही काय. सर म्हणाले, "तुलना फार मोठी करतो आहेस." खरे आहे. पण एक प्रसंग सांगितल्यावर तेही गप्प झाले. याच मालिकेतला 'टॅक्टिक्स' नावाचा १९९७ चा खेळ २०२५ मध्ये नव्याने काढायचे ठरले, तेव्हा कंपनीपाशी त्याची मूळ संगणकीय संहिताच शिल्लक नव्हती. जुना खेळ उलगडत, त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या ताडत, त्यांनी तो पुन्हा बांधला. त्याच कंपनीच्या 'किंगडम हार्ट्स'चे २०१३ मध्ये तेच झाले होते. ज्यांनी केले त्यांच्याकडे नाही; ज्यांनी घेतले, खेळले, जपले त्यांच्या घरी आहे. पोथीहून हे निराळे कसे?

माझी तक्रार आहे ती येथे. नवे करा, हवे तेवढे बदला, भुते घाला नाही तर मांजरे. पण जुने दुकानातून काढू नका. जुलै २०२१ मध्ये पाचव्या आणि सहाव्या भागाच्या त्या वेळच्या संगणकीय आवृत्त्या विक्रीतून काढून घेतल्या गेल्या, कारण नव्या यायच्या होत्या. सहाव्याची नवी आवृत्ती फेब्रुवारी २०२२ मध्ये आली. मधले सात महिने तो खेळ त्या दुकानात नव्हताच! त्या आवृत्तीतली चित्रे भिकार होती, हे मी मान्य करतो. तरी कोणी तरी लहानपणी त्याच चित्रांवर तो खेळला असेल, आणि कोणाला तरी कोणी तरी तो वाचून दाखवला असेल. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली म्हणून ग्रंथपाल जुनीची रद्दी करीत नाहीत. (करीत असतील तर कृपया करू नयेत.)

हे मी घरी बोललो तर बाबांना पटले नाही. आमच्या तोडलेल्या बागेत २०२१ मध्ये त्यांनी नवी कलमे लावली. खुंट जंबेरीचा, डोळा संत्र्याचा, पाणी आता ठिबकने. मी म्हटले, "ही बाग तीच म्हणायची का?" ते म्हणाले, "जमीन तीच हाये ना? मंग कायले डोकं खातं?" जुनी झाडे आठवून त्यांना काही वाटत असेल तर त्यांनी ते सांगितले नाही.

गेल्या महिन्यापासून मी शंभर पानी वही घेऊन दादाचा खेळ लिहून काढतो आहे. म्हणजे इंग्रजी संवाद नव्हेत. बाजेवर बसून त्याने सांगितलेले, जेवढे आठवते तेवढे. चाकणला फोन करून त्याला विचारतो, तर तो म्हणतो, "असं म्हन्लो होतो का मी? मले तं याद नाही." म्हातारीची गोष्ट सांगितली तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही, आणि मग मागे मशीनचा आवाज येत होता म्हणून की काय, फोन ठेवला. काही ठिकाणी मला शंका आहे की हे दादाचे की माझेच. तेथे मी पेन्सिलीने खूण केली आहे.

पहिल्या तबकडीच्या शेवटी एक तळे येते. तेथे एरिथ मरते. (१९९७ ची गोष्ट आहे, तेव्हा रहस्य फोडले म्हणून कोणी रागावू नये.) त्या रात्री दादाने काहीही वाचून दाखवले नव्हते. "बॅटरी संपली" म्हणून त्याने फोन बंद केला आणि दांड बदलायला गेला. बॅटरी निम्मी होती, मी पाहिली होती. नव्या खेळात हे तळे दुसऱ्या भागाच्या शेवटी येते. नव्या लेखकांनी तेथे काय केले आहे याबद्दल बरेच कानावर आले, पण मी अमरावतीला त्याच्या अलीकडे येऊन मुद्दाम थांबलो आहे. मित्राला वाटते मला वेड लागले.

दादाला हे कळवले. महाशिवरात्रीला सालबर्डीच्या यात्रेसाठी त्याला दोन दिवसांची रजा मिळते आहे. म्हणाला, "थांब तितंच. महादेवाहून तसंच अमरावतीले जाऊ. तू फक्त बटनं दाब, वाचून मी दाखवतो." नव्या खेळात सगळी पात्रे आपल्या तोंडाने बोलतात, वाचायला काही लागत नाही, हे मी त्याला सांगितलेले नाही.